अन्नपूर्णेच्या बोटाची चिंधी

“बाई, तुमच्या अन्नपूर्णेच्या कपाळावर गोंदण आहे,” मुजावर शिडीवरून म्हणाला.

“काहीतरीच काय,” मी खालून म्हणाले. “कुंकू आहे ते. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“कुंकू वरच्या बाईला आहे. मी खालच्या बाईबद्दल बोलतोय.”

चहाचा कप खिडकीत ठेवला, पदर खोचला आणि मी शिडीच्या दुसऱ्या बाजूने वर चढले. इकबाल मुजावर मिरजेचा. जुनी चित्रं साफ करण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात दुसरा कुणी नव्हता. माणूस कमी बोलायचा आणि थट्टा तर कधीच करायचा नाही. 

अन्नपूर्णेच्या दोन भुवयांच्या मध्ये त्याने पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा मोकळी केली होती. आजूबाजूला तीच ओळखीची गोरी, पिवळसर कांती. आणि त्या तिकिटाएवढ्या जागेत मात्र सावळी, ऊन खाल्लेली कातडी, आणि तिच्यावर हिरवट गोंदणाचा ठिपका. रंग असा ताजा, की आत्ता बोट लावलं तर लागेल.

“एक चेहरा पुसून त्यावर दुसरा काढलाय?”

“पुसून नाही, झाकून. खाली आधी वार्निश मारलंय, ते वाळू दिलंय, मग वर दुसरी बाई रंगवलीय. ज्याने झाकलंय त्याने उद्या कुणाला काढता यावं म्हणून झाकलंय.”

“पण कुणी?”

मुजावरने चष्मा वर केला. “ज्याने चित्र काढलं त्यानेच. हात तोच आहे.”

मी शिडीवरच बसले. उतरायचं सुचेना.

आता हे काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. हिंगणगडचं चित्रालय माहीत नसेल तर वाटणारच. मी पुण्याहून तिथे अभिरक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा मलाही वाटलं होतं, की कुठल्यातरी लहानशा संस्थानाच्या राजाने हौसेने जमवलेला पसारा असेल, चार पोर्ट्रेट आणि एक पेंढा भरलेला वाघ. पहिल्या दिवशी दालनात पाऊल टाकलं आणि तोंडात बोट घातलं. शंभूराव जीनगर नावाच्या एका माणसाने आयुष्यभर त्या गावात बसून भिंतीच्या भिंती रंगवल्या होत्या. आख्खं महाभारत होतं, रामायण होतं, शंकर-पार्वतीच्या कथा होत्या. आणि त्यातलं एकही तोंड पोथीतलं नव्हतं. सगळी हिंगणगडची माणसं. शंकर म्हणजे तालमीचे वस्ताद. शरपंजरी पडलेले भीष्म म्हणजे कुंडलिक न्हावी, बैठकीला बसवलं की घोरायचा म्हणे, म्हणून त्याच्या घरचे अजून सांगतात, “आमचा आजा बाणांवरसुद्धा झोपला.” जीनगर मास्तरांनी त्या झोपेतली शांतता अशी उचलली होती, की पाहून डोळ्यांत पाणी यावं. मी मुंबईची, बडोद्याची संग्रहालयं पाहिली होती, पण माणसाच्या चेहऱ्यावर एवढं प्रेम केलेलं कुठे पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या माणसाची चित्रं पाहूनच मी बदलीचा अर्ज फाडून टाकला.

त्यामुळे गावात एक रीत पडली होती. लग्न होऊन सून घरात आली, की ग्रामदैवताला जायचं, कुलदैवताला जायचं आणि मग तिला “चित्राला न्यायचं.” सासू नव्या सुनेला त्या त्या चित्रासमोर उभी करायची आणि म्हणायची, “ही तुझी आजेसासू. पाया पड.” मग ती सुभद्रा असो, कैकेयी असो. दुर्योधनाच्या घरचेसुद्धा बिनदिक्कत सुना आणायचे आणि वर सांगायचे, “तसे स्वभावाने चांगले होते.” लग्नसराईत मला दालनात हळदीचे डाग पुसता पुसता नाकी नऊ यायचे. पण मनातून मला त्या रीतीचं फार कौतुक होतं. जगातलं कुठलं म्युझियम असं आहे, जिथे लोक आपल्या माणसांना भेटायला येतात?

या सगळ्यांत मान मोठा अन्नपूर्णेचा. चित्रालय म्हणजे जुना राजवाडाच. तिथे पंगत बसायची त्या दालनातलं ते चित्र. पाटावर बसलेली देवी, मांडीवर अन्नाचं पातेलं, उजव्या हातात पळी, आणि समोर भिक्षेला आलेला शंकर. ती देवी म्हणजे सोवन्यांच्या घरातली आनंदीबाई, राजवाड्याच्या मुदपाकखान्याच्या कारभाऱ्यांची बायको. देवीच्या डाव्या हाताच्या तर्जनीला एक चिंधी बांधलेली होती, इरकली लुगड्याच्या लाल काठाची. देवीच्या बोटाला चिंधी! नवा माणूस हमखास विचारायचा, आणि गाव हमखास सांगायचं, “आनंदीबाईंचं त्या दिवशी विळीवर बोट कापलं होतं. मास्तरांनी जसं दिसलं तसं काढलं.”

आणि आता त्या आनंदीबाईंच्या खाली दुसरीच कुणीतरी बाई निघाली होती, तीही गोंदणवाली.

“दोघी राहतील असं काही करता येईल?” मी मुजावरला विचारलं.

“नाही. खालची हवी तर वरची जाणार. वरची ठेवायची तर ही खिडकी मी आत्ता बुजवतो, कुणाला कळणार नाही. तुम्ही सांगाल तसं.”

मी काय सांगणार, कपाळ? चित्रालयाच्या समितीचे अध्यक्ष होते नाना सोवनी, आनंदीबाईंचे सख्खे नातू. त्यांच्या मुलाचं लग्न दहा दिवसांवर आलेलं. नवी सून चित्राला यायची म्हणूनच तर अन्नपूर्णेची साफसफाई काढली होती. आणि नानांच्या वर होत्या त्यांच्या आई, दुर्गाकाकू. आनंदीबाईंची सून. या बाईंना सगळं गाव टरकून असायचं. मामलेदार त्यांना पाहून सायकलवरून उतरायचा. मला त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या, “चौबळबाई, तुम्ही चित्रं सांभाळता ते ठीक आहे, पण दालनात चपला घालून फिरता. इथं आमची माणसं आहेत.” तेव्हापासून मी अनवाणी फिरायला लागले होते.

मी चित्रावर पांढरी चादर टाकायला लावली आणि दारावर पाटी लावली, काम चालू आहे. दुसऱ्याच दिवशी दुर्गाकाकू हजर.

“रंग वाळतोय काकू,” मी दारातच थाप मारली. “आत फार वास आहे.”

“रंग लावला कुणी? तुम्ही तर धूळ काढणार होतात.”

“म्हणजे, वार्निश…”

“सरका.”

मी सरकले. त्यांच्यापुढे न सरकणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. चादर त्यांनी स्वतःच ओढून काढली, शिडीकडे पाहिलं आणि मुजावरला म्हणाल्या, “धर रे घट्ट.” सत्तरीच्या बाई नऊवारी सावरत भराभर वर चढल्या. मी खाली दोन्ही हात पसरून उभी, जणू त्या पडल्या असत्या तर मी झेलल्याच असत्या.

वर गेल्यावर त्या तिकिटाएवढ्या जागेकडे पाहत राहिल्या. मी शब्दांची जुळवाजुळव करत होते, की काकू, घाबरू नका, हे बुजवता येतं, तुमच्या सासूबाई कुठे जात नाहीत. तेवढ्यात त्यांनी मुजावरला विचारलं, “खाली पूर्ण आहे ती?”

“पूर्ण असणार.”

“डोळे?”

“डोळेपण.”

त्या उतरल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छत्री कोपऱ्यात तशीच राहिली आणि त्या भर उन्हात चालत्या झाल्या. मी हाय खाल्ली. आता ही बाई गाव गोळा करणार आणि आपल्याला गाशा गुंडाळावा लागणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

सकाळी नाना आले. गडी सज्जन, पण त्या दिवशी चेहरा ओढलेला.

“चौबळबाई, आई काल इथून आली ती जेवली नाही. बोलतही नाही. काय दाखवलंत तिला?”

मी त्यांना वर चढवलं. त्यांनी पाहिलं, उतरले, रुमालाने मान पुसली.

“कोण आहे ही?”

“माहीत नाही.”

“मग बुजवा. आठवड्याभरात माझी सून येणार इथं. तिला काय सांगू, आजी कुठं गेली? बुजवा हो मुजावर, आत्ताच्या आत्ता.”

मला राग आला. ज्या हाताने भीष्माची झोप काढली, त्याच हाताने काढलेला एक चेहरा साठ वर्षं अंधारात बसलाय आणि आपण त्याच्या तोंडावर परत बोळा फिरवायचा! पण नानांचंही चुकत नव्हतं. मुजावर माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, “नाना, निदान आज एक दिवस…”

एवढ्यात बाहेर पायऱ्यांवर दुर्गाकाकूंचा आवाज आला. “चल म्हणते ना!”

“अवो पर मी कशाला आत? आमचं कोण हाय आत?”

मी दारात गेले. काकूंनी इंदूबाईचं मनगट धरलं होतं. इंदूबाई म्हणजे बुरूडगल्लीतली. चित्रालयासमोर रस्त्याच्या कडेला बसून सुपं, टोपल्या, परड्या विकायची. वय साठीच्या जरा पुढे. मी रोज तिच्यासमोरून यायचे-जायचे, “काय इंदूबाई, बरं हाय का” म्हणायचे. आणि त्या क्षणी ध्यानात आलं, की एवढ्या वर्षांत ही बाई एकदाही पायरी चढून आत आलेली नाही. ती एकटीच नाही, बुरूडगल्लीतलं कुणीच नाही. लोक इथे आपल्या माणसांना भेटायला येतात, याचं मला केवढं कौतुक! ज्यांचं माणूसच भिंतीवर नाही त्यांनी कशाला यायचं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“आई, हे काय?” नाना म्हणाले.

“तू बस. चौबळबाई, तुम्हीपण बसा. इंदू, तू इकडे ये. समोर उभी राहा.”

इंदूबाई दोन्ही हात पदराखाली घेऊन अवघडून उभी राहिली. दुर्गाकाकूंनी चित्राकडे पाठ केली आणि आम्हाला सांगायला लागल्या. आवाज नेहमीचाच, तक्रार सांगावी तसा.

“लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई मला इथं घेऊन आल्या. बाकीच्यांच्या सासवा हनुवटी वर करून सांगायच्या, ‘ही मी.’ आमच्या खाली मान घालून उभ्या. म्हणाल्या, ‘तोंडाकडे बघू नकोस. पाया पडायचं तर त्या हातांच्या पड.’ मला वाटलं, बाई जरा खुळी आहे. नवी सून, विचारणार कुणाला? पुढं त्या आजारी पडल्या, मी उशाशी बसायची, तेव्हा सगळं सांगितलं. जीनगर मास्तरांनी अन्नपूर्णेला बसवली होती ती बाळाबाई. राजवाड्यात धान्याच्या कणग्या, टोपल्या पुरवायची, ती. इंदूची आई.”

इंदूबाईने मान वर केली.

“चित्र झालं. महाराज खूश. म्हणाले, पंगतीच्या दालनात लावू, हिच्यासमोर पहिली पंगत घालू. आणि पंगतीला बसणारे अडून बसले. जिच्या हातचं पाणी आम्हाला चालत नाही, तिच्या हातची भिक्षा शंकराने घ्यायची आणि आम्ही खाली बसून जेवायचं? त्यात आमचे मामंजी सगळ्यांत पुढे. महाराजांनी मान तुकवली. मामंजी घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, उद्यापासून मास्तरांकडे बसायला जायचं. त्यांना कुणी विचारलं नाही. बाळाबाईलाही नाही.”

“आई, पुरे,” नाना पुटपुटले.

“पुरे कसलं, अजून व्हायचंय. सासूबाई पाटावर बसलेल्या, हातात पळी, हात भरून आलेला. तेवढ्यात बाळाबाई टोपल्या घेऊन आली. तिला काही माहीत नाही. आली आणि बघितलं, आपल्या जागी ही बसलीय, आणि चित्रातल्या आपल्या तोंडावर दुसरा रंग चढलाय. सासूबाई म्हणाल्या, वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. आणि ती बाई काय करते? पुढं येते, पण शिवत नाही, लांबूनच हात करून दाखवते. म्हणते, ‘वैनीसाब, पळी अशी धरा, खालनं. मग हात दुखत न्हाई.’ एवढं बोलली आणि गेली. परत राजवाड्यात पाऊल टाकलं नाही तिने.”

 मुजावरने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

“मास्तरांना सांगितलं, आता हातही बदला. ते म्हणाले, तोंड मागितलंत, तोंड दिलं. हाताला मी शिवणार नाही, हवं तर चित्र जाळा. म्हणून राहिले हात. विळीवर बोट कापल्याचं मामंजींनी गावभर केलं. सासूबाई त्याला कधी हो म्हणाल्या नाहीत.”

“मग तू का गप्प बसलीस एवढी वर्षं?” नानांनी विचारलं. रागाने नव्हे, खरंच कळेना म्हणून.

दुर्गाकाकू पहिल्यांदा अडखळल्या. “मामंजी होते. मग तुझे वडील होते. मग…” त्यांनी पदराने नाक पुसलं. “मग मलाच आवडायला लागलं होतं रे. देवीची सून म्हणतात लोक. कुणाला नाही आवडणार?”

या बाईंना मी घाबरत होते, पण मला त्या इतक्या आवडल्या नव्हत्या कधी. आपल्याबद्दल असं खणखणीत खरं सांगणारी माणसं किती असतात?

इंदूबाई इतका वेळ चित्राकडे पाहत होती. आता ती हळूहळू पुढे सरकली. देवीचा डावा हात तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. जाड पेरांचा, बांबूच्या कामट्या तासून तासून बारीक चिरांनी भरलेला हात. मास्तरांनी एकेक चीर काढली होती, आणि तरी तो हात देवीचा वाटत होता. किंबहुना म्हणूनच वाटत होता.

“माज्या आयनं हीच चिंधी बांधलेली आसायची,” इंदूबाई म्हणाली. “इरकलीचा काठ. कामटी बोटात घुसू नये म्हणून आमी समदीच बांधतो. पर आय काठाचीच बांधायची. म्हनायची, काम करताना तेवढंच नटायला मिळतं.” ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. “मी ल्हान हुते वो, ती गेली तवा. तोंड आटवत न्हाई मला तिचं. लई येळा आटवून बघितलं. हात तेवढं आटवत्यात.”

आणि ते हात रस्त्याच्या पलीकडे, ती बसायची तिथून हाकेच्या अंतरावर, आयुष्यभर भिंतीवर होते.  अभिरक्षकबाईंनी ऐन कार्यालयीन वेळेत पदर तोंडाला लावला.

“तोंडही आहे,” दुर्गाकाकू म्हणाल्या. “खाली आहे. हा मुजावर काढून देईल.”

मुजावर म्हणाला, “काढेन. पण एकदा काढलं की वरचं परत येणार नाही. यांचा दुसरा कुठं फोटो आहे का?”

“नाही. सासूबाईंनी आयुष्यात फोटो काढू दिला नाही. या चित्रानंतर कुणापुढं बसल्याच नाहीत.”

हे ऐकून इंदूबाई दोन पावलं मागे सरली. “मग नगं. ऱ्हाऊ द्या वैनीसाब. हात बगितलं, बास झालं मला. तुमच्या सासूबाईंनी काय वाईट केलं? त्यास्नी कशाला पुसायचं?”

“बघ आई, त्याच नको म्हणतात,” नाना घाईने म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. “मला आजी आठवत नाही गं. मी तिला इथंच पाहिलीय. ही गेली तर माझ्याकडे काहीच नाही तिचं.”

आता मात्र माझी पंचाईत झाली. एकीला आई हवी होती आणि ती नको म्हणत होती. एकाला आजी हवी होती. भिंत एक आणि जागा एक. दुर्गाकाकू मुलाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, विरघळल्या. आई आहे शेवटी.

त्या नानांजवळ गेल्या, पन्नाशीच्या त्या माणसाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मी सांगेन तुला ती कशी होती. हसताना तोंडावर हात ठेवायची. आमटीत गूळ जास्त घालायची आणि कबूल करायची नाही. रात्रंदिवस सांगेन. इतकी वर्षं इथं चित्र होतं म्हणून कुणी मला विचारलंच नाही रे.”

  नाना उठले, स्वतःची खुर्ची उचलून चित्रासमोर ठेवली आणि इंदूबाईला म्हणाले, “बसा.”

“नगं नगं, मी हाय की हितं खाली.”

“इंदू, बस म्हटल्यावर बसायचं,” दुर्गाकाकू खेकसल्या. “तुला विचारायला नाही आणलं मी, सांगायला आणलंय. मुजावर, कशाने पुसतोस ते दे इकडे. पहिला हात मी फिरवणार.”

मुजावर बावरला. “काकू, हे नाजूक काम आहे. काडीला कापूस गुंडाळून, औषधात बुडवून, जरा जरा करत…”

“कापूस वळणं तू मला शिकवणार? देवापुढच्या वाती काय आकाशातून पडतात?”

त्यांनी त्याच्या पेटीतला कापूस घेतला आणि बोटांनी असा वळला, की मुजावर बघतच राहिला. मग त्याने तो काडीला लावून औषधात बुडवला, दोघं शिडीच्या दोन बाजूंनी वर चढली, त्याने काकूंच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून देवीच्या डाव्या गालावर तो हळूच फिरवला. कापसावर गोरा रंग आला. खाली सावळा गाल दिसायला लागला. दुर्गाकाकूंनी त्या बोळ्याकडे पाहिलं, मुठीत घट्ट धरला आणि कंबरेच्या पिशवीत टाकला.

“आता तू कर,” त्या म्हणाल्या, उतरल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर बघत होत्या. खांदे हलत होते. कुणी जवळ गेलं नाही.

लग्नापर्यंत मुजावर जेवायलाही उठत नव्हता. इंदूबाई रोज येऊन त्या खुर्चीत बसायची. बाहेर तिची सुपं नाना सांभाळायचे, शप्पथ, मी पाहिलंय. चेहरा पूर्ण निघाला त्या संध्याकाळी मी दिवे लावले आणि आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. किती चित्रं पाहिली आयुष्यात, पण असं तोंड पाहिलं नाही. देखणी म्हणाल तर नव्हती. नाक बसकं, कपाळावर गोंदण, ओठ अर्धवट उघडे, ‘बसा, जेवून जा’ म्हणायच्या बेतात असलेली. डोळ्यांत समोरच्या शंकराबद्दल थोडी मायाही होती आणि थोडं हसूही, की देव असून पोटासाठी माझ्या दारात आलास ना बाबा. आता ते हात, ती चिंधी, ते तोंड सगळं एकाच बाईचं झालं होतं. मास्तरांनी काय चित्र काढलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं. साठ वर्षं आम्ही त्यातलं अर्धंच पाहत होतो आणि तेवढ्यावरही भाळलो होतो.

इंदूबाई म्हणाली, “माज्या धाकटीवानी दिसती की वो.”

लग्न झालं. सोवन्यांची सून चित्राला यायची म्हटल्यावर दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी गावभर झाली होतीच. काही चेहरे आंबट होते, काही नुसते बघे. दारापाशी प्रथमच बुरूडगल्लीतल्या बायका उभ्या होत्या, पायरी चढून आत आलेल्या, पण भिंतीला चिकटून. दुर्गाकाकू नातसुनेचा हात धरून आल्या. मुलगी साताऱ्याची, धीट. अन्नपूर्णेसमोर उभी केल्यावर ती रीतीप्रमाणे वाकायला लागली, मग थांबली. तिला घरून काय सांगून पाठवलं होतं कोण जाणे. गोंदणाकडे, चिंधीकडे पाहून तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “आजी, आपल्या पणजेसासूबाई कुठं आहेत यात?”

 नाना छताकडे बघायला लागले. 

“होत्या इथं,” दुर्गाकाकू म्हणाल्या. “उठल्या. पाट जिचा होता ती आली.”

मग त्यांनी खुर्चीत अंग चोरून बसलेल्या इंदूबाईला दंडाला धरून उठवलं आणि नातसुनेपुढे उभं केलं. “ही तिची मुलगी. पाया पड.”

मुलगी वाकली. इंदूबाई घाबरून दुर्गाकाकूंकडे बघायला लागली, त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. तेव्हा कुठे तिने पदराखालचा हात बाहेर काढला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. चिरांनी भरलेला हात, आणि तर्जनीला इरकलीच्या लाल काठाची चिंधी. सगळं दालन एकदा त्या हाताकडे आणि एकदा भिंतीकडे बघत राहिलं.